रोहित आले म्हणून खाडी सुधारली?

ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की दर वर्षी तेच ऐकू येतं: "पाणी स्वच्छ झालं, बघा, पक्षी परत आले!" २०२० मध्ये नवी मुंबईतल्या गुलाबी थव्यांचे फोटो घरोघरी पोचले आणि टाळेबंदीने खाडी बरी केली, असं लोकांनी ठरवूनच टाकलं.

अहो, टाळेबंदी लागली मार्चच्या अखेरीस. हे पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच यायला लागतात. शिवाय कारखाने बंद राहिले तरी घराघरातलं सांडपाणी एक दिवसही थांबलं नव्हतं.

मुळात रोहित इथे मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९०च्या दशकात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि भोवतालची वाढती शहरं आपली घाण खाडीत सोडत होती, तोच हा काळ. यांच्यात बहुसंख्य असलेल्या 'छोटा रोहित' या जातीचं मुख्य अन्न म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. ते पोसलं जातं नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, आणि मैलापाण्यात दोन्ही भरपूर असतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी हा संबंध वारंवार सांगितला आहे. म्हणजे मोठा थवा दिसला, तर शेवाळ मुबलक आहे एवढंच कळतं. खाडी सुधारली का, हे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरून कळेल. नाहीतर खाडीकाठच्या कोळीवाड्यात जाऊन विचारावं: जिताडा किती मिळतो, कालवं किती मिळतात?

यावर "मग सांडपाणी चांगलंच की" म्हणणारेही भेटतात. मुळीच नाही. केनियातल्या बोगोरिया सरोवरावर मेलेल्या छोट्या रोहितांच्या शरीरात निळ्या-हिरव्या शेवाळाचीच विषं सापडली होती. जे शेवाळ त्यांना पोसतं, त्याच्याच काही जाती त्यांना मारू शकतात.

गुलाबी रंग रसायनांमुळे येतो, हाही एक समज. तो रंग त्यांच्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो.

रोहित इथे घरटी करतात? नाही. भारतात त्यांची वीण मुख्यतः कच्छच्या रणात होते.

खाडीकाठचं कांदळवन सगळी घाण शुद्ध करतं? जड धातू नष्ट होत नाहीत. ते मुळांभोवतीच्या गाळात साठून राहतात आणि चिंबोऱ्यांपर्यंत पोचू शकतात.

आणि खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, म्हणून प्रदूषण थांबलं असंही नाही. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. वरच्या अंगाने नाल्यांतून येणारं पाणी त्या हद्दीपाशी थांबत नाही. ते नाल्याच्या तोंडाशी प्रक्रिया करूनच सोडावं लागेल.