मोडलेल्या खेळाचा जीर्णोद्धार

दिवेलागणीनंतर संगणकापुढें बसलेला घरांतील मुलगा “आतां उठतां येत नाहीं, मंडळी माझी वाट पाहात आहेत” असें म्हणतो, तेव्हां वडील माणसांस तो उद्धटपणा वाटतो. परंतु ती मंडळी खरी असते. कोणी परगांवीं, कोणी परदेशांत. ऑनलाईन खेळांत मात्र सर्व एकाच कल्पित नगरींत हिंडतात, एकमेकांच्या साह्यानें लढतात व पुष्कळदां मित्रही होतात. ही नगरी सर्व्हर नांवाच्या मध्यवर्ती संगणकांवर वसते आणि ते असतात कंपनीच्या ताब्यांत. बुद्धिबळाचा पट जुना झाला तरी घरांत राहतो. सर्व्हर बंद पडले कीं ही नगरी क्षणांत लोपते. असे खेळ कशानें बुडतात व कशानें तरतात, हें म्हणूनच पाहण्याजोगें आहे.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनें सप्टेंबर २०१० मध्यें ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ प्रसिद्ध केला. मागील खेळांमुळें कंपनीची कीर्ति मोठी. तरी हा खेळ सपशेल पडला. चाल संथ, मांडणी क्लिष्ट, आणि पुढें काय करावें याचा खेळाडूस उमज पडेना. मागाहून झालेलें निदान मननीय आहे. चित्रसौंदर्याचा हव्यास इतका कीं, फुलांच्या एका कुंडीच्या आकृतींत माणसाच्या आकृतीइतकाच तपशील भरला होता. त्यामुळें पडद्यावर एका वेळीं थोडींच माणसें दाखवितां येत. इतरांचे खेळ किती पुढें गेले आहेत, इकडे लक्ष नव्हतें. आणि उणें राहिलें तें सावकाश सुधारूं, हा फाजील भरंवसा होता. पूर्वजांच्या पुण्याईवर विसंबणाऱ्या घराण्याची जी गति होते तीच येथें झाली.

डिसेंबर २०१० मध्यें कंपनीचे अध्यक्ष योइची वादा यांनीं जाहीर क्षमा मागितली व खेळाचीं सूत्रें नाओकी योशिदा यांजकडे दिलीं. जुन्या खेळाची डागडुजी करावी कीं तो टाकून नवा रचावा? योशिदांनीं दोन्ही कामें एकदमच हातीं घेतलीं. देवळाचा जीर्णोद्धार चालू असतांही नित्य पूजा खंडत नाहीं, तसाच हा प्रकार. मासिक वर्गणी जानेवारी २०१२ पर्यंत घेतली नाहीं. मार्च २०११ च्या भूकंपानंतर विजेच्या बचतीसाठीं सर्व्हर कांहीं दिवस बंद ठेवावे लागले, तरी काम पुढें चाललेंच. खेळांतील आकाशांत एक तांबडा चंद्र महिन्यागणिक जवळ येतांना दिसूं लागला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं जुने सर्व्हर बंद झाले, तेव्हां कथेंतही त्याच चंद्रामुळें प्रलय झाला. खेळाडूंचीं जुनीं पात्रें मात्र नव्या जगांत नेतां आलीं. तें नवें जग २७ ऑगस्ट २०१३ रोजीं उघडलें, आणि गर्दी इतकी लोटली कीं आंतरजालावरील विक्री कांहीं काळ थांबवावी लागली. २०२४ मध्यें या खेळाचा पांचवा विस्तार निघाला.

त्याच नोव्हेंबरच्या ३० तारखेस दुसरी एक नगरी मिटली. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा २००४ पासून चाललेला अमेरिकन खेळ; त्याची चालक कोरियाची एनसीसॉफ्ट. बंद करण्याची घोषणा होतांच खेळांतील चौकांत खेळाडूंचीं पात्रें मशाली घेऊन जमलीं, विनवण्या झाल्या. निर्णय फिरला नाहीं. परंतु त्या खेळाची संगणकीय संहिता कोणीं तरी जपून ठेविली होती. २०१९ मध्यें ती उघडकीस आली, खेळाडूंनींच आपले सर्व्हर उभारले, आणि जानेवारी २०२४ मध्यें एनसीसॉफ्टनें ‘होमकमिंग’ नामक त्यांच्या मंडळीस रीतसर परवानाही दिला.

एक खेळ मालकानें चूक कबूल केल्यानें तरला, दुसरा खेळाडूंच्या निष्ठेनें. द्रव्य व कसब दोहोंकडे होतें. पण कठीण काळीं उपयोगीं पडला तो परस्परांचा विश्वास. मुलांनीं किती वेळ खेळावें याचा नियम घरांत अवश्य असावा. परंतु एखादे दिवशीं मुलगा उदास बसून “आमचा खेळ बंद झाला” असें म्हणेल, तेव्हां त्यास हंसूं नये. त्याचें एक गांव उठलेलें असतें.