वसमतची हळद कोणाचे पाणी पिते?

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकाचा गुण त्या जागेतून येतो, ही मानांकनामागची धारणा. माती वसमतची, हवा वसमतची, हे मान्य. पाण्याबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये ‘जलसिंचनाचे साधन’ असा रकाना असतो आणि तिथे विहीर, बोअर, कालवा असे काहीतरी एक लिहिले जाते. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर ही माहिती भरतो. ‘विहीर’ लिहिले की पाणी कुठून काढले ते कळते. ते विहिरीत कुठून आले, याची विचारणा कोणीच करत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या बागायतीचे बरेचसे त्रांगडे या न विचारलेल्या प्रश्नात अडकले आहे.

मुळांपासून सुरुवात केली तर उत्तर सोपे वाटते. हळदीची मुळे गादीवाफ्यातल्या वरच्या फूट-दीड फुटात पसरतात, केळीचीही बहुतेक मुळे तेवढ्यातच असतात. ऊस थोडा खोल जातो, पण त्याचेही मुख्य काम वरच्या दोन फुटांत चालते. तरीही मूळ जिथे दिसते तिथलेच पाणी ते पीत असेल, हे गृहीत धरण्यात धोका असतो. अमेरिकेतल्या युटामध्ये ओढ्याच्या अगदी काठावर उभी असलेली जुनी झाडे ओढ्याचे पाणी जवळजवळ घेतच नाहीत, खालच्या खोल थरातले घेतात, असे टॉड डॉसन आणि जेम्स एलरिंजर या संशोधकांनी 1991 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. त्यांनी वापरलेली युक्ती आपल्याकडेही लागू पडते. पाण्यात थोडे रेणू जड हायड्रोजनचे किंवा जड ऑक्सिजनचे असतात. उन्हाने वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि मागे राहिलेल्या पाण्यात जड रेणूंचे प्रमाण वाढते. म्हणून धरणात महिनोन्‌महिने उन्हात पडून राहिलेल्या पाण्यावर एक खूण उमटते. पावसात झटकन मुरलेल्या पाण्यावर ती सहसा नसते. मूळ पाणी ओढते तेव्हा बहुतेक पिकांत ही खूण तशीच राहते. खोडातले पाणी, विहिरीतले पाणी आणि कालव्यातले पाणी यांचे नमुने शेजारी ठेवले की नाते उघड होते. अशा मोजणीची यंत्रे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आणि रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेत आहेत.

प्रयोगशाळेत जाण्याआधी साधा हिशेबही बरेच सांगून जातो. जिल्ह्याच्या पोटात बेसाल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. तो स्वतः पाणी धरत नाही. धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. अशा खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच भरते. दोन टक्के धरू. एका हेक्टरखालची पातळी 1 मीटर उतरली की 200 घनमीटर पाणी हाती येते, म्हणजे त्याच हेक्टरवर 20 मिलिमीटरचा थर. उसाला वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाणी लागते. पाऊस साडेआठशेच्या आसपास. त्याचा थेंबन्‌थेंब उसालाच मिळाला, असे उदार मनाने धरले तरी 1150 मिलिमीटरची तूट उरते. ती स्वतःच्या बांधाआडून भरायची तर पातळी 57 मीटर खाली न्यावी लागेल, तीही दरवर्षी. भूजलाच्या प्रचलित निकषांप्रमाणे बेसाल्टच्या मुलखात पावसाचा 7 ते 13 टक्के भाग मुरतो, म्हणजे 60 ते 110 मिलिमीटर. तेव्हा एका हेक्टर उसामागे दहा ते एकोणीस हेक्टर जमिनीने आपले मुरलेले पाणी सोडलेले असते. हळदीची भूक एवढी नाही, पावसाळ्याचे चार महिने तिला आभाळ सांभाळते. पण पावसाळा सरल्यापासून काढणीआधी पाणी तोडेपर्यंत तीही विहिरीवरच असते, आणि हिशेबाची दिशा तीच राहते: बागायतीचे पाणी तिच्या स्वतःच्या बांधाआडचे नसते.

मग ते येते कुठून? वसमत तालुक्यापुरते बोलायचे तर मोठा वाटा पूर्णा नदीचा असणार. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाची उपयुक्त साठवण सुमारे 810 दशलक्ष घनमीटर आहे. तिथून सोडलेले पाणी औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते आणि तिथून कालव्याने वसमत, परभणी, नांदेडकडे जाते. येलदरी भरते ती अजिंठ्याच्या डोंगरातून निघून जालना-बुलढाण्यातून येणाऱ्या पूर्णेवर, जिला बुलढाण्यात खडकपूर्णा म्हणतात. आवर्तन सुटले की चारीलगतच्या विहिरींना पाझर फुटतो, हे लाभक्षेत्रात कोणालाही सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर ‘विहीर’ म्हणून नोंदलेल्या त्या हळदीत बुलढाण्याचा पाऊस असतो. ‘नमुना सात’चा पाणी अर्ज भरून पाणीपट्टी मोजणारा शेतकरी कालव्याचा लाभधारक ठरतो. चारीपलीकडचा विहीरवाला तेच पाणी पिऊनही कागदावर स्वावलंबी राहतो. इंग्रज अधिकारी याबाबतीत जास्त चोख होते म्हणायचे. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आत खोदलेल्या विहिरीत कालव्याचे पाणी पाझरत असेल तर त्याची आकारणी करण्याची तरतूद होती.

लाभक्षेत्राबाहेर, सेनगाव-औंढ्याच्या माळावर, प्रकार वेगळा आहे. तिथे वरून कोणी पाणी पाठवत नाही. यंदाचा पाऊस मुरमात मुरला तेवढीच पुंजी, आणि ती उताराने खालच्या विहिरीकडे सरकते. वरच्या सोयाबीन-तुरीच्या रानातले पाणी नाल्याकाठच्या विहिरीत उतरते. त्या विहिरीत आडवे बोअर मारले की आणखी लांबून येते. ऐपत असलेला शेतकरी धरणाच्या किंवा नदीच्या कडेला दोन गुंठे घेतो, तिथे विहीर पाडतो आणि पाइपलाइनने पाणी कोसभर लांब नेतो. साधन पुन्हा ‘विहीर’च. यात काही गोष्टी बेकायदाही असतात, पण मूळ आधार कायद्यानेच दिला आहे: 1882 चा सुविधाधिकार कायदा आपल्या जमिनीखाली निश्चित प्रवाहाविना असलेले पाणी गोळा करण्याचा हक्क मालकाला देतो. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले खरे, पण माझ्या विहिरीत शेजाऱ्याचे किती, हे त्या मर्यादेतून कळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो ठिबकचा. हळद आता ठिबकवर गेली, पाणी वाचले, मग चिंता कसली? ठिबकने बाष्पीभवन थोडे घटते, हे खरे. पण पाटपाण्यातले जे पाणी मुळांखाली निसटायचे त्यातले बरेच पुन्हा कोणाच्या तरी विहिरीत जायचे. ते थांबले, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर हळद उभी राहिली, तर एकूण उपसा कमी झाला कुठे? कालव्यांना अस्तर घालण्याचे, चाऱ्यांऐवजी बंद नलिका टाकण्याचे कामही असेच दुधारी आहे. टेलच्या शेतकऱ्याला त्याने पाणी मिळेल, पण वरच्या विहिरींचा पाझर तुटेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोयाबीनवर घर चालत नाही, चार पैसे देते ती हळदच, तेव्हा हिशेब मांडणे म्हणजे शेतकऱ्याच्या ताटाला हात लावणे. पण हिशेब न मांडण्याचा फटकाही शेतकऱ्यालाच बसतो, फक्त तो दुसरा असतो. वरच्या अंगाच्या कोरडवाहूवाल्याने दिलेल्या पाण्याची कुठेच नोंद नसते, आणि पाणलोटाची कामे, विहिरीचे अनुदान किंवा टंचाईचे निकष ठरताना तो मोजला जात नाही.

हे जिल्ह्याला नवे वाटू नये. कयाधू नदीचे पाणी खरबीच्या बंधाऱ्यातून इसापूर धरणाकडे वळवण्याला हिंगोलीत विरोध झाला तो याच तर्कावर, की आमच्या खोऱ्यातले पाणी दुसऱ्याच्या लाभक्षेत्रात का जावे. तर्क रास्त आहे. मात्र तो नदीला लावला की विहिरीलाही लागतो, आणि मग वसमतला बुलढाण्याचे व जालन्याचे देणे मान्य करावे लागते. तपासणीला फार मोठा खटाटोप लागणार नाही. आवर्तनाआधी आणि नंतर लाभक्षेत्रातल्या व माळावरच्या निवडक विहिरींची पातळी मोजावी, पाण्याची क्षारता साध्या मीटरने पाहावी आणि मार्चमध्ये त्यांतले थोडे नमुने समस्थानिकांच्या, म्हणजे त्या जड रेणूंच्या, मोजणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावेत. वसमतला हळदीचे संशोधन केंद्र उभे राहते आहे. वाण, कुरकुमिनचे प्रमाण आणि कंदकुज यांच्यासोबत ही नोंदवही तिथे ठेवता येईल, आणि ई-पीक पाहणीतल्या त्या रकान्यापुढे ‘पाण्याचा मूळ स्रोत’ असा आणखी एक रकाना भरता येईल.