कावडीवरचा भात, बांगड्याचा आंबट रस्सा : पेनांगच्या रस्त्यांवरील खाद्यवारसा आणि त्यापुढील प्रश्न

मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या पेनांग बेटावरील जॉर्जटाऊन या शहराची ख्याती प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी आहे. खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या बांधणीच्या इमारतींच्या रांगा ही त्यांपैकी एक. या बहुसांस्कृतिक व्यापारी शहराला, मलाक्का शहरासह, २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे या इमारतींच्या पायरीशी, गल्लीच्या तोंडाशी आणि चहा-कॉफीच्या दुकानांत मिळणारे खाद्यपदार्थ. भिंतींच्या रक्षणासाठी नियम आहेत. चवीच्या रक्षणासाठीही पेनांगच्या राज्य सरकारने नियम करून पाहिला. परदेशी कामगारांनी ठराविक स्थानिक पदार्थ हातगाड्यांवर व खाद्यकेंद्रांत शिजवू नयेत, असा आदेश २०१४ मध्ये जाहीर होऊन २०१६ च्या प्रारंभापासून लागू झाला. हे पदार्थ ज्यांनी या बेटावर आणले ते सारे एकेकाळी परदेशी कामगारच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आदेशाभोवतीचा वाद अधिक स्पष्ट होतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइट याने ऑगस्ट १७८६ मध्ये या बेटाचा ताबा घेतला. १८०५ मध्ये कंपनीने बंगाल, मद्रास आणि मुंबई यांच्या जोडीला पेनांगला चौथ्या इलाख्याचा दर्जा दिला होता, ही बाब भारतीय वाचकांना आज काहीशी अपरिचित वाटेल. चीन आणि हिंदुस्थान यांच्यामधील सागरी मार्गावरचे हे बंदर असल्याने दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील होक्येन व त्योचू भाषक, तमिळ व्यापारी व मजूर, सुमात्रेतील व्यापारी आणि जवळच्या केडाह प्रांतातील मलय शेतकरी व कोळी येथे एकत्र आले. यांतील बहुतेक जण एकटे पुरुष होते. दिवसभर गोदीत राबायचे, राहावयास सामायिक खोली आणि स्वयंपाकाला जागा नाही, अशी त्यांची स्थिती. त्यांना कोणीतरी शिजवून वाढणे ही गरज होती आणि रस्त्यावरील खाद्यविक्रीचा उगम या गरजेत आहे.

‘नासी कंदार’ या पदार्थाच्या नावातच हा इतिहास दडलेला आहे. मलय भाषेत नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे खांद्यावरून वाहून नेण्याची कावड. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भाताचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला रश्श्याचे भांडे लटकवून बंदर परिसरात फिरत आणि कामगारांना जागेवर जेवण देत. कावड केव्हाच गेली, नाव राहिले. आज ताटातील भातावर मटण, कोंबडी, माकूळ वा माशाचे डोके यांपैकी पसंतीचा तुकडा ठेवून त्यावर तीन-चार निरनिराळे रस्से ओततात. सर्व रस्से भरपूर हवे असल्यास गिऱ्हाईक ‘बांजिर’ असे सांगते. या शब्दाचा अर्थ ‘पूर’ असा आहे आणि ताटाकडे पाहिल्यावर तो अतिशयोक्त वाटत नाही. जाणकारांच्या मते नासी कंदारची खरी परीक्षा एखाद्या रश्श्यात नसून या मिश्रणात असते. हा पदार्थ विकणारे हमीदिया हे उपाहारगृह १९०७ पासून चालत आले आहे.

असा व्यवसाय करणाऱ्या तमिळ मुसलमानांना मलेशियात ‘मामाक’ म्हणतात. तमिळमधील ‘मामा’ या शब्दावरून ते आले. मराठीतील मामाही तोच. उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेसाळ केलेला ‘तेह तारिक’ म्हणजेच ‘ओढलेला चहा’, पापुद्र्यांचा ‘रोती चनाई’, भजी व काकडीच्या तुकड्यांवर गोड-तिखट दाट रस ओतून दिलेला ‘पसंबुर’ हे याच समाजाचे पदार्थ. तांदळाच्या पिठाच्या शेवया आणि आप्पे-आप्पमच्या कुळातील ‘आपोम’ यांत तर दक्षिण भारत सरळच ओळखू येतो.

मात्र पेनांगची ओळख ज्या पदार्थाशी सर्वाधिक जोडली जाते तो म्हणजे ‘असम लाक्सा’. नावावरून आसाम राज्य आठवण्याचा संभव आहे, पण त्याच्याशी याचा संबंध नाही. मलय भाषेत असम म्हणजे आंबट. देशाच्या अन्य भागांत लाक्सा नारळाच्या दुधात करतात, पेनांगमध्ये तो माशाच्या पाण्यात होतो. मासा बहुधा ‘कंबुंग’ असतो, म्हणजे आपल्याकडील बांगड्याच्याच जातीचा. तो उकडून, काटे काढून, मांस कुस्करून पुन्हा त्याच पाण्यात घालतात. आंबटपणासाठी चिंच आणि ‘असम गेलुगोर’ या फळाच्या वाळवलेल्या चकत्या वापरतात. हे झाड आणि कोकणातील रातांबा एकाच वंशातील आहेत. बांगड्याच्या रश्श्यात आमसूल टाकणाऱ्या कोकणी घरातील माणसाला हा भाग परका वाटू नये. पुढचा भाग मात्र पूर्णतः स्थानिक आहे. आल्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या गुलाबी कळ्या चिरून घालतात. शिवाय पुदिना, अननस, काकडी, कांदा, तांदळाच्या जाड शेवया आणि शेवटी कोळंबीपासून केलेल्या काळ्या, गोडसर, मधासारख्या दाट चटणीचा एक चमचा. या चटणीला उग्र वास असतो. नवख्याला तो प्रथम खटकतो. ती वगळून लाक्सा मागणाऱ्याकडे विक्रेता किंचित दयेने पाहतो, असे म्हणतात.

‘चार क्वे त्याव’ हा दुसरा लौकिक पदार्थ चिनी मजूरवर्गाचा. तांदळाच्या चपट्या पट्ट्या, कोळंबी, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, मोड आलेले मूग, लसणाच्या कुळातील हिरवी पात आणि अंडे हे सारे सोया रसात, पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीवर, परततात. स्वस्त, पोटभरीचा आणि झटपट होणारा असा हा पदार्थ होता. त्याची कसोटी आचेत आहे. कढई इतकी तापलेली हवी की पट्ट्या क्षणात किंचित करपाव्यात, पण चिकटू नयेत. त्या धुरकट चवीला कँटनी भाषेत ‘कढईचा श्वास’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्यामुळेच नामांकित विक्रेता एका वेळी एक किंवा दोनच बशा करतो. कढई भरली की आच पडते आणि श्वास जातो. गिऱ्हाइकांच्या लांबच लांब रांगेचे कारण केवळ लोकप्रियता नसून हे गणितही आहे. काही जण अजूनही गॅसऐवजी कोळशाची शेगडी वापरतात.

उन्हाच्या वेळी ‘चेंदोल’ची आठवण होते. केवड्याच्या कुळातील सुगंधी पानाचा रंग घेतलेल्या हिरव्या पिठाच्या शेवया, नारळाचे दूध, ताडवर्गीय झाडांच्या रसाचा गूळ आणि किसलेला बर्फ. पेनांग रोडलगतच्या एका गल्लीत १९३६ पासून चालत आलेल्या गाडीसमोर लोक उभ्यानेच वाटी संपवतात. जायफळाच्या फळाच्या गरापासून केलेले सरबतही येथे मिळते. कंपनीच्या काळात बेटावर जायफळाच्या बागा लावल्या गेल्या होत्या, त्यांची ही खूण.

हे सारे इतके स्वस्त आणि इतके कसदार कसे राहिले, याचे उत्तर ‘कोपीत्याम’ या व्यवस्थेत सापडते. कोपी म्हणजे कॉफी, त्याम म्हणजे होक्येन भाषेत दुकान. दुकानाचा मालक स्वतः केवळ पेये विकतो आणि उरलेली जागा गाड्यांना भाड्याने देतो. प्रत्येक गाडीवर एकच पदार्थ, फार तर दोन. एकच जिन्नस तीस-चाळीस वर्षे रोज केल्यावर हाताला येणारी सफाई ही या पद्धतीची देणगी. सकाळचे विक्रेते दुपारी आवरतात आणि त्याच जागी, किंवा समोरच्या पदपथावर, संध्याकाळचे येतात. एका टेबलावर बसलेले कुटुंब चार गाड्यांवरून चार पदार्थ मागवते आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे देते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे अल्प भाडे, आणि तो ढासळू लागला आहे. मलेशियातील भाडेनियंत्रण कायदा १९९७ मध्ये रद्द झाला आणि संक्रमणकाळ संपल्यावर २००० च्या प्रारंभापासून जुन्या इमारतींची भाडी मुक्त झाली. अनेक भाडेकरू कुटुंबांनी जुने शहर सोडले. मुंबईतील चाळींचा इतिहास जाणणाऱ्यांना या प्रश्नाची गुंतागुंत वेगळी सांगावयास नको. त्यानंतर जागतिक वारशाचा दर्जा आला, पर्यटक वाढले, इमारती दुरुस्त झाल्या आणि त्यांत निवासगृहे व आधुनिक कॅफे उघडले. ज्या रहिवाशांसाठी सकाळचा नाश्ता शिजत होता तेच दूर गेले. वारशाच्या दर्जाने इमारती वाचल्या हे खरे, पण त्यांच्या पायरीवरील गाडीला त्याने संरक्षण दिले नाही.

दुसरे कारण घरातीलच आहे. पहाटे तीनला उठणे, दिवसभर आगीसमोर उभे राहणे आणि सुट्टी नसणे, असे हे काम. ज्या आईवडिलांनी या कमाईवर मुलांना पदवीधर केले त्यांनाच मुलांनी कढई हाती घ्यावी असे वाटत नाही. मग वृद्ध विक्रेते मदतीला परदेशी कामगार ठेवतात. त्यांत बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि नेपाळ येथील तरुण असतात. मालक थकला की झारा हळूहळू त्यांच्या हाती जातो. चव बिघडते, पर्यटकांची फसवणूक होते, अशी तक्रार वाढल्यावर वरील आदेश निघाला. त्याला स्थानिक जनतेचा मोठा पाठिंबा होता, हे मान्य करावे लागेल. तथापि त्याने ना भाडे कमी झाले, ना शिकाऊ तरुण मिळाले. हात कोणत्या देशाचा आहे यापेक्षा तो किती वर्षे कढईवर फिरला, हे चवीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नव्हे काय, हा टीकाकारांचा प्रश्न अनुत्तरित आहे.

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे मलेशियात टाळेबंदी लागू झाली तेव्हा बसून खाण्यास मनाई होऊन केवळ पदार्थ बांधून नेण्याची मुभा राहिली. कढईतून उतरताच खावयाच्या पदार्थांचे यात नुकसान झाले आणि वयोवृद्धांपैकी काहींनी गाडी पुन्हा उघडलीच नाही.

या खाद्यपरंपरेवरील हक्कावरूनही शेजाऱ्यांत कुरबुर आहे. सिंगापूरने आपल्या फेरीवाला खाद्यसंस्कृतीचे नामांकन करण्याचे २०१८ मध्ये जाहीर करताच मलेशियात नाराजी उमटली. युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये ते मान्य केले. मलेशियाच्या बहुवांशिक न्याहारी संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत डिसेंबर २०२४ मध्ये स्थान मिळाले; त्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात, रोती चनाई आणि तेह तारिक यांचा विशेष उल्लेख आहे. दरम्यान, २०२२ च्या डिसेंबरमध्ये मिशलिन मार्गदर्शिकेची क्वालालंपूर-पेनांग आवृत्ती प्रथमच प्रसिद्ध झाली आणि तिने रस्त्यावरील काही गाड्यांचीही दखल घेतली. परिणामी त्या गाड्यांसमोरील रांगा वाढल्या.

पेनांगच्या आदेशाने परदेशी मदतनिसांवर सरसकट बंदी घातलेली नाही. ते भाजी चिरू शकतात, कोळंबी सोलू शकतात, बशा धुऊन टेबलावर पोहोचवू शकतात. बंदी आहे ती शिजवण्यावर. त्यामुळे शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर उभा राहून रोज शेकडो बशा होताना पाहणारा, प्रमाण आणि आच तोंडपाठ झालेला माणूस अनेक ठिकाणी आजही परदेशीच असतो.