जुन्या आराखड्याचें खरें माप

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं 'पस मॉथ' विमानांतून कराचीहून मुंबईस टपाल आणिलें. त्या विमानाचा पंखविस्तार ३६ फूट ९ इंच व लांबी २५ फूट. चोविसांश आकाराच्या आराखड्यांत हीं मापें अनुक्रमें १८.३७५ व १२.५ इंच भरलीं पाहिजेत. परंतु जुना कागद आकसतो. तोही तंतूंच्या आडव्या दिशेस अधिक. समजा, पंखविस्तार १८ व लांबी १२.३७५ इंचच भरली. तर पंखविस्ताराच्या दिशेचें प्रत्येक माप ४९/४८ नें व लांबीच्या दिशेचें १००/९९ नें गुणावें. दोहोंस एकच गुणक लाविल्यास प्रतिकृति बेडौल होते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आराखडा आधीं ज्ञात मापांशीं ताडून पाहावा. मगच लाकडास करवत लावावी.