लेपाचे दहा हात

आत्याबाई चंद्री गाईची पहिली धार किटलीत कधीच जाऊ देत नाहीत. गोठ्याच्या उंबऱ्याशी फरशीचा एक काळपट तुकडा टेकवून ठेवलेला असतो. चारही सडांच्या पहिल्या दोन-दोन धारा त्या तुकड्यावर पडतात, आत्याबाई तो किंचित तिरका करतात आणि दूध ओघळताना बघत राहतात. त्या मंगळवारी पहाटे उजव्या मागच्या सडाचं दूध ओघळून गेलं आणि फरशीवर बारीक कण्या राहिल्या, फाटलेल्या दुधाच्या असाव्यात तशा.

त्यांनी कासेवर पालथा हात ठेवला. मग माझा हात धरून आधी डाव्या बाजूला ठेवला, तिथून उजव्या बाजूला. एकट्या उजव्या बाजूने मला काहीच सांगितलं नसतं. डावीकडून उजवीकडे आल्यावर मात्र फरक कळला. थोडं ऊन लागत होतं आणि आत गुठळीसारखं काहीतरी दाटलं होतं.

"दगडी धरायला लागलीय," त्या म्हणाल्या. "कोरफड काढून आण गं."

डॉक्टर याला स्तनदाह म्हणतात. आमच्याकडे, जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडीच्या खोऱ्यात, दगडी हाच शब्द चालतो. दुर्लक्ष झालं तर कास खरोखरच दगडासारखी होते आणि तो सड कायमचा आटतो. लग्नानंतरची बारा वर्षं पुण्यात काढून मी इथे आले तेव्हा गोठा म्हणजे शेण, वैरण आणि धार एवढंच मला ठाऊक होतं. रोज सकाळी सहा जनावरांना हात लावून त्यांची विचारपूस करायची असते, हे मला इथे कळलं.

लेपाची कृती सोपी आहे. कोरफडीची २५० ग्रॅम पानं, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम खायचा चुना. पानांच्या कडेचे काटे काढायचे, साल ठेवायची. माणसाच्या भाजलेल्या कातडीला कोरफड लावताना आत्याबाई पान आधी उभं करून ठेवतात आणि त्यातला पिवळा चीक निथळू देतात, पण गाईच्या लेपात अख्खं पान जातं. मिक्सरमध्ये हळद आणि चुना एकत्र आले की हिरवट गरातून विटकरी लाल रंग वर येतो. पूर्वी कुंकूही हळदीला क्षार लावूनच करत, तोच हा बदल आहे. रंग नीट चढला नाही तर चुना जुना, असं आत्याबाई सांगतात. या गोळ्यातला मूठभर घ्यायचा, पाणी घालून ताकासारखा सैल करायचा आणि सगळ्या कासेला लावायचा. दुखऱ्या सडापुरता लावून भागत नाही.

हळद-चुना त्यांच्या सासूबाईही लावत. कोरफडीची जोड आणि हे नेमकं माप मात्र दूध संस्थेच्या बैठकीत मिळालेल्या पत्रकातलं आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गेल्या काही वर्षांत अशा पारंपरिक पशुउपचारांचा देशभर प्रसार केला. त्यामागे तामिळनाडूतले पशुवैद्यक प्राध्यापक एन. पुण्यमूर्ती यांचं दीर्घ काम आहे. आपल्याकडे पुण्याची 'अंथ्रा' ही महिला पशुवैद्यांची संस्था १९९०च्या दशकापासून पशुपालकांकडचं, विशेषतः बायकांकडचं, हे ज्ञान गोळा करत आली आहे. आमच्या गोठ्यात ही सगळी वाट एका चुरगळलेल्या कागदापर्यंत येऊन थांबते. तो दिनदर्शिकेच्या मागच्या खिळ्याला टोचलेला असतो.

त्या कागदावरची एक ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक समजले होते. लेप दिवसातून दहा वेळा लावायचा, असे पाच दिवस.

दहा वेळा म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक वेळी आधीचा वाळलेला लेप पाण्याने धुवायचा. मग त्या सडातलं साचलेलं दूध शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायचं, गोठ्यात न सांडता वेगळ्या डब्यात घ्यायचं आणि लांब खड्ड्यात टाकायचं. मग कास कोरडी करून नवा हात. त्यानंतर आपले हात साबणाने धुवायचे, कारण याच हातांनी पुढच्या गाईची धार काढायची असते. पहाटे साडेपाचला पहिला हात दिला की रात्री नऊपर्यंत दर दीड-दोन तासांनी गोठ्यात फेरी. स्वयंपाक, शाळेचे डबे, खुरपणी, सगळं त्या फेऱ्यांच्या मधल्या फटीत बसवायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताच्या भेगांमध्ये चुना झोंबायला लागला. शिवाय लेपाबरोबर पहिले तीन दिवस रोज दोन लिंबं अर्धी कापून चारायची. चंद्री ती कडाकडा खाते. शेजारच्या गोठ्यातली म्हैस तोंड फिरवते, तिला गुळाचा खडा दाखवावा लागतो.

माझं मत असं झालं आहे की या औषधाचा मोठा भाग त्या दहा हातांमध्येच आहे. हळद सूज उतरवते, कोरफड थंडावा देते, हे खरंच. पण सड वरचेवर रिकामा केला की आत वाढणारे जंतू आणि त्यांची घाण बाहेर पडत राहते, आणि दुखऱ्या कासेचं दूध असं पुन्हा पुन्हा काढून टाकायला पशुवैद्यही सांगतात. दहा वेळा हात लावणाऱ्या बाईला कास तापते आहे की निवते आहे, हे दुपारी दोन वाजताही ठाऊक असतं. एकदा लेप थापून संध्याकाळी बघू म्हणणाऱ्याला कळेपर्यंत उशीर होतो. गावातले काहीजण म्हणतात, पाल्याने काही होत नाही. त्यांच्या घरी लेप किती वेळा लागला, हे मी आता विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर दोन असं येतं.

ही मेहनत कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. सुईने काम लवकर होतं. पण प्रतिजैविक टोचलं की त्याचा अंश दुधात उतरतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस चारही सडांचं दूध संस्थेला घालता येत नाही, आणि पोरांनाही देता येत नाही. ते दिवस न पाळता दूध घालणारे आहेत, आणि ते दूध कोणाच्या तरी घरातलं लेकरू पितं. जंतू औषधाला दाद देईनासे होतात ते अशाच सवयींनी. औषधाची वाट गोठ्याबाहेर किती लांब जाते, हे गिधाडांनी दाखवून दिलं आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आमच्या कड्यांवरची गिधाडं जवळपास दिसेनाशी झाली होती.

तरीही आत्याबाई डॉक्टरांना टाळत नाहीत. त्यांची एक रेघ आखलेली आहे. जनावर रवंथ करतंय का, वैरणीला तोंड लावतंय का, कान गार पडलेत का. ताप बघायला थर्मामीटर आहे. गाईचं नेहमीचं अंगच १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळे नुसत्या हाताचा अंदाज फसतो. १०४ दिसला, किंवा धारेतून कण्यांऐवजी पिवळं पाणी नाहीतर रक्त आलं, किंवा कास निळसर होऊन गार पडली, तर मिक्सर तसाच ठेवून फोन उचलायचा. २०२२ मध्ये जनावरांचा लंपी त्वचारोग आला तेव्हा विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ यांचा गोळा आमच्याकडे घरोघर चारला जात होता. आत्याबाईंनीही चारला, पण लस टोचून घ्यायला गाई घेऊन रांगेत पहिल्या उभ्या होत्या त्याच. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लशीऐवजी कुठलाही पाला चालत नाही, आणि चालतो असं सांगणाऱ्याचा मला राग येतो.

औषध पाजण्याच्या बाबतीत तर मी आजही घाबरते. त्याला कारण आहे. माहेरी मी चौदा वर्षांची असताना आमच्या एका शेळीचं पोट फुगलं. डाव्या भकाळीवर थाप मारली की नगाऱ्यासारखा आवाज यायचा. तेल, हिंग आणि ओवा कालवून तयार होतं, आणि ते योग्यच होतं. फेस धरलेल्या पोटातला वायू तेलाने मोकळा होतो. चूक पाजण्यात झाली. एकाने तिचं तोंड आभाळाकडे केलं, जीभ ओढून धरली आणि मी बाटली रिकामी केली. तेल फुफ्फुसात गेलं. पोट उतरलं, पण दोन दिवस ती घरघरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली. औषध बरोबर असून शेळी माझ्या हातून गेली, हे मी कोणाला सांगत नसे.

इथे आल्यावर आत्याबाईंनी मला पाजायला शिकवलं. डोकं पाठीच्या रेषेपेक्षा जरासंच वर. जिभेला हात लावायचा नाही, कारण गिळायला जनावराला जीभ लागते. बांबूचं नळकांडं ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या फटीतून सरकवायचं, एक घोट ओतायचा आणि गळ्याची हालचाल बघायची. गिळलं की पुढचा घोट. ठसका लागला की लगेच मान सोडायची, मग औषध सांडलं तरी चालेल. पाव लिटर तेलाला दहा मिनिटं लागतात. आणि भकाळी पाठीच्या वर येऊन जनावर जीभ काढून धापा टाकायला लागलं तर तेलाच्या नादी लागायचंच नाही. तिथे डॉक्टरांची सुईच हवी.

याच हातांनी घरातली माणसंही सांभाळली जातात. कुंपणाला अडुळसा आहे, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पोरांना कफ झाला की त्याची पिकली पानं वाफवून रस काढायचा आणि मधातून द्यायचा. याच झाडातल्या वासिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध घडवलं गेलं. वासिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईला आणि गाभण गाईला अडुळसा द्यायचा नाही. आत्याबाईंना ते द्रव्य माहीत नाही, नियम माहीत आहे. माझी नणंद पाचव्या महिन्यात खोकत आली तेव्हा त्यांनी मिठाच्या गुळण्या आणि वाफ एवढंच दिलं आणि तिला दवाखान्यात पाठवलं.

तान्ह्यांच्या बाळगुटीचं माप तर मला फार आवडतं. सहाणेवर मुरुडशेंगेचे चार वळसे, हिरड्याचे तीन, जायफळाचा अर्धा. वळसा हेच ग्रॅम. हिरडा इथलाच असतो. वरच्या वाड्यांमधली महादेव कोळी माणसं तो जंगलातून गोळा करून वाळवतात आणि बाळहिरड्याच्या भावाकडे वर्षभराच्या खर्चासाठी डोळे लावून बसतात. पण माझ्या धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. मला वाटलं होतं, आता घरात वाद होणार. आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग सहाण धुऊन फळीवर ठेवून दिली. सहा महिन्यांनी काढली, आणि जायफळ वगळलं. पत्रकातली कोरफड घेताना आणि गुटी थांबवताना त्यांचा चेहरा सारखाच होता. पटलं की बदलायचं. मी पुस्तकं वाचलेली माणसंही इतक्या सहज बदलताना पाहिलेली नाहीत.

चंद्रीचा ताप वाढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आतली गुठळी चेपायला लागली. चौथ्या दिवशी धार काढून झाल्यावर ती लगेच बसायला लागली तेव्हा आत्याबाईंनी मला धावत पेंड टाकायला लावली. धारेनंतर अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं, ती खात उभी राहिली तर शेणातली घाण आत जात नाही. आता त्या वेळेसाठी हिरवा चारा राखून ठेवायचं आम्ही ठरवलं आहे.

सहाव्या दिवशी पहाटे फरशी स्वच्छ होती. दूध ओघळलं आणि मागे काहीच राहिलं नाही. कासेवर लेपाचा पिवळा डाग होता, माझ्या नखांमध्ये तोच रंग होता. त्या सडाची धार अजून बारीक येत होती, इतर तिन्हींच्या निम्मीच. मी किटली पुढे सरकवली.

"आज न्हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि डबा ओढून घेतला. "उद्या सकाळी परत फरशीवर बघू."