फिरत्या तबेल्यातील रेडिओ

अमेरिकेच्या पश्चिम मुलुखात रोडिओच्या स्पर्धांमागे गावोगाव फिरणारा स्वार आपले बिऱ्हाड आणि आपले घोडे एकाच ट्रेलरमध्ये घालून निघतो. मागे तिरकस आडभिंतींनी पाडलेली घोड्यांची ठाणे, पुढे चूल, न्हाणी आणि फ्रिज असलेली राहण्याची खोली. तिचा पुढचा भाग उंच मानेसारखा निघून पिकअपच्या हौद्यातील लोखंडी गोळ्यावर टेकतो, आणि त्या मानेतच अंथरूण पडते. या बिऱ्हाडात पुष्कळदा मोटारीचाच रेडिओ बसवलेला असतो. तो मुका झाला म्हणजे जो तपास करावा लागतो, त्याइतका विद्युत्शास्त्राचा स्वच्छ पाठ मला क्वचितच आढळला आहे.

मोटारीच्या बहुतेक रेडिओंना पिवळ्या वायरीतून अखंड वीज मिळते आणि तिच्याच आधारावर घड्याळ व लावून ठेवलेली स्टेशने टिकतात. तांबडी वायर मात्र किल्ली फिरवल्यावर जागी होते. ट्रेलरला किल्लीच नसल्याने तांबडीची तजवीज एखाद्या बटणावरून करतात, किंवा ती पिवळीलाच जोडून टाकतात. दोन्ही बटणाखाली गेल्या, तर रेडिओ रोज स्टेशने विसरतो. दोन्ही थेट बॅटरीवर राहिल्या, तर कुरणाकडेला उभ्या ट्रेलरची बॅटरी हळूहळू उतरत जाते. मुक्कामावरच्या १२० व्होल्टच्या जोडणीवर, म्हणजे तिचे १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरवर, जो रेडिओ वाजतो आणि जोडणी काढताच गप्प होतो, त्याच्यावर बहुधा संशय घेऊ नये. बॅटरी, तिचा फ्यूज आणि तिला तोडणारा खटका यांचीच रुजुवात आधी करावी.

खरा मामला असतो तो काळ्या वायरीचा, वीज परत नेणाऱ्या वाटेचा. ही वायर सोयीसाठी जवळच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्क्रूने आवळलेली असते. घोड्यांच्या श्वासाचा दमटपणा, ठाणे धुतल्याचे पाणी आणि मूत्रातील अमोनिया अशा जागी पोहोचले, की तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते. बाहेरून स्क्रू घट्ट दिसतो, पण विजेला वाट अरुंद झालेली असते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नसल्यामुळे अशा सांध्यावरही निर्धास्तपणे १२ व्होल्टचा दाखला देतो, आणि त्यावर इतबार ठेवणारा माणूस निष्पाप रेडिओ बदलून बसतो. म्हणून पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये १२ व्होल्टचा लहानसा दिवा लावून पाहावा. तो मिणमिणला, तर त्याचे काळीवरचे टोक सोडवून एका लांब वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावे. दिवा लख्ख झाला, तर कसूर काळीच्या वाटेची, आणि तिला तीच लांब वायर कायमची द्यावी.

स्पीकरांची ऋण वायर मात्र ट्रेलरच्या सांगाड्याला कधीही जोडू नये, कारण आजच्या रेडिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरनेच चालवलेल्या असतात आणि त्यांपैकी एक जरी पत्र्याला टेकली, तरी तो स्वसंरक्षणार्थ बंद पडतो किंवा जळतो. रेडिओपासून सोडवलेल्या जोडीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला आणि ठाणांकडच्या स्पीकरातून खट् असा आवाज आला, तर वाट शाबूत समजावी. न आला, तर स्पीकरपाशी जाऊन तोच सेल त्याच्या पाठीवर लावावा. तेथे तो बोलला, तर वायर भिंतीच्या पोकळीत उंदरांनी कुरतडली असण्याचा संभव मोठा, आणि अस्तर उचकटत बसण्यापेक्षा नवी जोडी ओढणेच शहाणपणाचे.