खडा फुटतो, कारण उरतं

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून सांगली-साताऱ्याचेच नव्हे, तर विजापूर-बेळगावकडचे रुग्णही या गावाची वाट धरत आले. मुलांच्या मुतखड्यावर लिहायला संपादकांनी सांगितलं, तेव्हा मीही मिरजच गाठली. तिथल्या एका खासगी रुग्णालयात लिथोट्रिप्सीचं यंत्र पाहिलं आणि तिथून पाय निघेना.

शरीराला चीर न देता खडा फोडण्याचा हा उपाय माणसावर पहिल्यांदा झाला तो म्युनिकमध्ये, फेब्रुवारी 1980 मध्ये. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात उतरवत. आता पाण्याने भरलेली उशी पाठीला टेकवतात आणि मधे जेल लावतात. जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले, तर आघाताचा जोर वाटेतच जिरतो. आघातलहरी मऊ मांसातून पार होतात आणि खड्यावर एकवटतात. मात्र मूत्रपिंड श्वासागणिक वरखाली सरकतं, म्हणून तंत्रज्ञ पडद्यावरची नजर हलू देत नाही. लहान मूल निपचित पडून राहत नाही, त्याला बहुधा भूल द्यावी लागते. फुप्फुस अगदी जवळ असतं, तेही जपावं लागतं. एवढं सांभाळलं की मुलाचं शरीर साथ देतं. त्याची मूत्रनलिका सहज ताणते आणि खड्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडतो.

पण यंत्रापर्यंत पोचायला आधी निदान हवं. मोठा माणूस कमरेतली कळ नेमकी दाखवतो, लहान मूल बेंबीभोवती हात फिरवतं. घरचे जंतांचं औषध देतात. लघवी लाल झाली किंवा वारंवार ताप आला की मग सोनोग्राफी होते. मुलांसाठी पहिली तपासणी हीच. सीटी स्कॅनचे किरण शक्यतो टाळतात. हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं आपल्याकडे घरोघरी देतात. पण ताप असताना किंवा लघवी अडलेली असताना त्यांवर विसंबणं मूत्रपिंडावर बेतू शकतं.

खरी काळजी खडा फुटल्यानंतरची आहे. मुलाला खडा झाला, तर त्यामागे शरीरातला बिघाड असण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा जास्त. कुणाच्या लघवीत कॅल्शियम किंवा ऑक्झलेट जास्त, कुणाच्या सायट्रेट कमी. ऑक्झलेटचा किंवा सिस्टिनचा एखादा विकार आनुवंशिकही असतो, आणि आपल्या भागात मामे-आते नात्यांत लग्नं होतात, म्हणून हा प्रश्न घरात विचारायलाच हवा. 24 तासांची लघवी गोळा करणं किचकट, म्हणून ती तपासणी राहून जाते. कळ थांबली की पुढची फेरीही टळते. माण-खटाव, जत-आटपाडीच्या उन्हात मुलं कमी पाणी पितात. शाळेतलं स्वच्छतागृह धड नसेल, तर मुली मुद्दाम तहान मारतात. तिथे कोणतंही यंत्र पोचत नाही.

म्हणून पालकांना सांगणं आहे : पडलेला खडा फेकू नका, स्वच्छ डबीत घालून तपासायला द्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलाचं दूध तोडू नका. आणि शाळेच्या पालकसभेत पाण्याचा व स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारा.